ट्रेलरचा टायर फुटला, नक्षी तर नव्यासारखी होती! (ट्रॅव्हल ट्रेलरवाल्यांनो, मदत करा)

उनाड_पाखरू | १५ जुलै २०२४

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण मागच्या आठवड्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही ह्यूस्टनला असतो. २०२२ मध्ये एका रिटायर्ड जोडप्याकडून २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) सेकंडहँड घेतला, दोन अ‍ॅक्सल, चार चाकं. त्यांनी फारच कमी फिरवला होता, टायरची नक्षी बघून मला वाटलं टायर नवेच आहेत, अजून पाच वर्षं बघायला नको. या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत म्हणून त्यांना न्यू मेक्सिकोतलं पांढऱ्या वाळूचं व्हाइट सँड्स दाखवायचं ठरवलं आणि आय-१० महामार्ग धरून निघालो. फोर्ट स्टॉक्टन सोडून पुढे गेलो, दुपारचे अडीच वाजलेले, बाहेर १०२ डिग्री फॅरनहाइट, तिथे स्पीड लिमिट ताशी ८० मैल आहे आणि मी ७२ वर होतो, ट्रकवाले तरी मागून हॉर्न मारून पुढे जात होते. एक ट्रकवाला बाजूला आला आणि हाताने मागे काहीतरी खूण करायला लागला, आरशात बघतो तर ट्रेलरच्या उजव्या बाजूने काळे तुकडे उडतायत. मला स्टिअरिंगवर काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं.

ट्रेलर रस्त्याच्या कडेला शोल्डरवर घेतला. उजवीकडचा पुढचा टायर, वरचा पट्टा पूर्ण सोलून निघालेला, त्याने चाकावरचं प्लास्टिक फाडलं, आत स्वयंपाकाच्या ओट्याखालची फळी फोडली आणि सिंकचा पाइप तोडला. रोडसाइडवाल्यांना फोन केला तर ते साडेतीन तासांनी आले. बाबा ७१ वर्षांचे आहेत, तेवढा वेळ ते ट्रेलरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि मी त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवत होतो. ते चित्र आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

प्रश्न असा, नक्षी इतकी चांगली असताना टायर फुटतोच कसा? आणि आता एकच बदलू की चारही?

डांबरवाट | १५ जुलै २०२४

बापरे, सगळे सुखरूप आहात हे फार महत्त्वाचं. मी फीनिक्सला असतो, नऊ वर्षं ट्रेलर ओढतोय, माझेही दोन फुटलेत.

आधी चार गोष्टी सांगा. टायरवर डीओटी (अमेरिकेचं परिवहन खातं) लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे काय आहेत? पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. हा पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असतो आणि बरेचदा नेमका आतल्या बाजूला येतो, त्यामुळे टॉर्च घेऊन ट्रेलरखाली झोपायची तयारी ठेवा. दुसरं, हवा किती होती आणि कधी भरलेली? तिसरं, टायरचा साइझ आणि लोड रेंज, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचं अक्षर. चौथं, ट्रेलरचं भरलेलं वजन कधी काट्यावर केलंय का?

आणि चारही बदला. दोन अ‍ॅक्सलवाल्या ट्रेलरमध्ये एक फुटला की त्याच बाजूच्या दुसऱ्यावर जवळजवळ दुप्पट भार येतो, तुम्ही थांबेपर्यंत तो बिचारा दोघांचं ओझं वाहतो. बाहेरून तो ठणठणीत दिसेल पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझा दुसरा टायर असाच गेला, पहिल्यानंतर दोनशे मैलांवर.

उनाड_पाखरू | १५ जुलै २०२४

@डांबरवाट, आत्ताच ट्रेलरखाली जाऊन आलो. उरलेल्या तिघांवर १८१८ आहे, म्हणजे २०१८ चा अठरावा आठवडा?? आणि स्टेपनीवर १७१८! म्हणजे सगळे सहा वर्षांचे. साइझ एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी. हवा मी निघताना ४० पीएसआय (दाबाचं माप) भरली होती, गाडीत ३५ भरतो त्यामुळे ४० म्हणजे भरपूर असं धरून चाललो. वजन कधीच केलं नाही. पण यावेळी आई-बाबांच्या बॅगा, महिन्याचं वाणसामान, आणि व्हाइट सँड्सला आत वाळूत नळ नाही म्हणून ४० गॅलनची टाकी घरूनच काठोकाठ भरून घेतली होती.

डांबरवाट | १५ जुलै २०२४

मग कारण मिळालं तुम्हाला. ४० गॅलन पाणी म्हणजेच ३३० पाउंडाच्या वर झालं.

तुमच्या साइझच्या सी टायरची ताकद ५० पीएसआयला १७६० पाउंड आहे, ती टायरवरच लिहिलेली असते. पण हवा ४० केली की तीच ताकद साधारण १५३० वर येते. चार टायर मिळून ७०४० वरून ६१२० वर आलात, म्हणजे ९२० पाउंड तुम्ही घरातूनच कमी करून निघालात. ट्रेलरचा टायर कारसारखा मऊ ठेवायचा नसतो, टायरवर जो जास्तीत जास्त आकडा लिहिलाय तेवढी हवा भरायची, आणि ती पण सकाळी, टायर थंड असताना, ऊन लागायच्या आधी.

अक्रनकर | १६ जुलै २०२४

मी ओहायोत अक्रनला राहतो, आयुष्यभर रबराच्या धंद्यात काम केलं, आता निवृत्त आहे. उनाड_पाखरू यांनी विचारलंय की नक्षी चांगली असताना टायर कसा फुटतो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण हा गैरसमज फार लोकांचा असतो.

कारचा टायर झिजून मरतो, ट्रेलरचा टायर म्हातारा होऊन मरतो. वर्षाला तीन-चार हजार मैल चालणाऱ्या ट्रेलरची नक्षी कधी झिजणारच नाही, पण आतलं रबर मात्र दर वर्षी कडक होत जातं. ऑक्सिजन टायरच्या आतून, म्हणजे भरलेल्या हवेतूनच झिरपत बाहेर येत असतो आणि वाटेत पोलादी तारांच्या पट्ट्यांमधलं रबर खात जातो. ते रबर ठिसूळ झालं की पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. फार तर एखादा फुगा, नाहीतर नक्षीला हलकी लाट. हात फिरवून बघितलं तरच कळतं.

यात उष्णतेची भर पडते. तुमच्या टायरचा व्यास साधारण २६ इंच, म्हणजे ताशी ६५ मैलाला तो मिनिटाला आठशेच्या वर फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक फेरीत रस्त्याला टेकला की कडेची भिंत दबते, पुन्हा उघडते. हवा कमी असेल तर जास्त दबते. तार वाकवत राहिलं की गरम होऊन तुटते ना, तसंच समजा. हवा कमी, वजन जास्त, वेग जास्त, ऊन जास्त आणि वय सहा वर्षं, तुमच्या बाबतीत पाचही एकत्र आले.

वेगाबद्दल अजून एक. एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर टायर, आणि ज्या जुन्या एसटी टायरवर वेगाचं अक्षर छापलेलं नसायचं तो ६५ मैलांसाठीच धरला जायचा. आता बऱ्याच टायरवर एल, एम, एन अशी अक्षरं येतात, एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७. पण टायर ८७ चा आहे म्हणून ट्रेलर ८७ ने न्यायचा नसतो, ती टायरच्या अंगातली शिल्लक आहे, ती उन्हाच्या दिवशी कामाला येते.

घाटमाथा | १६ जुलै २०२४

अक्रनकर काका, फार सुंदर समजावलंत. माझ्या वडिलांच्या दोन ट्रक होत्या, कोल्हापूर ते मुंबई गुळाच्या ढेपा जायच्या. प्रत्येक चहाच्या टपरीवर गाडी थांबली की आधी क्लीनर टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन सगळ्या चाकांना एक चक्कर मारायचा, ठण् आवाज आला तर बरोबर, भद्द आला की हवा गेली. वडील त्याच वेळी प्रत्येक ड्रमला हाताचा मागचा भाग लावून बघायचे, जो ड्रम जास्त गरम तिथे ब्रेक चिकटलाय नाहीतर बेअरिंग चाललंय. चहा त्याच्यानंतर.

मी इथे ट्रेलर घेतला तेव्हा हीच सवय कामाला आली. आता टॉमीच्या जागी गेज आहे, कारण ५० चे ४० झाले तर ते ठोकून कळत नाही, टॉमीने फक्त पूर्ण बसलेला टायर सापडतो. पण थांबलं की आधी चक्कर, हे मी सोडलेलं नाही.

मेधा_सॅक्रामेंटो | १६ जुलै २०२४

आमच्याकडे ट्रेलरचं सगळं खातं माझ्याकडे आहे, नवरा फक्त चालवतो :) मी काय करते ते सांगते.

निघायच्या दिवशी सकाळी चहाआधी पाची टायरची हवा, हो पाची, स्टेपनी धरून. मग नट टॉर्क रेंचने, म्हणजे नट किती घट्ट झाला ते दाखवणाऱ्या पान्याने. आमच्या चाकांना ट्रेलरच्या पुस्तकात ९० ते १२० फूट-पाउंड दिलेत, मी ११० ला ठेवते, समोरासमोरचे आळीपाळीने. चाक काढून लावलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा टाइट करायचे, हे खूप लोक करत नाहीत आणि मग चाकच निघून जातं. पेट्रोलला थांबलो की लेझरवाला थर्मामीटर, वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, त्याने चारही टायर आणि चारही हब (चाकाचा मधला भाग) बघायचे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत कोण वेगळा आहे ते बघायचं. उन्हाच्या बाजूचे दोन्ही जरा गरम असणारच. पण एकटाच ३० डिग्रीने वर असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय.

आणि गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका!! माझ्या दिराने ही चूक केली. सकाळी ५० होती, दुपारी ५८ दाखवली म्हणून घाबरून आठ सोडली. दर १० डिग्री फॅरनहाइटला सव्वा पीएसआयच्या आसपास हवा वाढतेच, ती धरूनच आकडा दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये ४२ होती.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ५५ चीच मर्यादा आहे. आधी मला त्याचा राग यायचा, आता दुसऱ्या राज्यात गेलो तरी आम्ही ६० च्या वर जात नाही.

नवखा_२० | १७ जुलै २०२४

खूप उपयोगी धागा. मी नुकताच १९ फुटी ट्रेलर घेतलाय, अजून एकदाही नेलेला नाही. एक शंका, एसटीऐवजी पिकअपचे एलटी (लाइट ट्रक) टायर लावले तर? कुणीतरी म्हणालं ते जास्त टिकतात. आणि हवेचा सेन्सर ट्रेलरला का येत नाही, माझ्या कारला तर आहे?

अक्रनकर | १७ जुलै २०२४

@नवखा_२०, दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

सेन्सरचं मूळ २००० सालात आहे. तेव्हा फायरस्टोनचे लाखो टायर परत बोलावले गेले, फोर्ड एक्सप्लोरर उलटून बरीच माणसं गेली होती, आणि त्याच वर्षी 'ट्रेड अ‍ॅक्ट' हा गाड्या-टायरच्या सुरक्षेचा कायदा आला. त्यातून कारला हवेच्या सेन्सरची सक्ती झाली आणि कार-पिकअपच्या टायरच्या चाचण्या कडक झाल्या. पण सेन्सरचा नियम ट्रेलरला लागू नाही आणि एसटी टायर जुन्याच चाचण्यांमध्ये राहिले. म्हणजे कायद्याने ट्रेलरवाल्याकडे पाहिलेलंच नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चालकाला काही जाणवत नाही अशी नेमकी हीच जागा आहे. उनाड_पाखरू यांना ट्रकवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं ना? त्यामुळे सेन्सरचा संच स्वतः विकत घ्या, व्हॉल्वच्या टोपणाच्या जागी बसतात, स्क्रीन डॅशबोर्डवर. ट्रेलर लांब असेल तर मध्ये सिग्नल वाढवणारा रिपीटर लावा. मात्र हळूहळू जाणारी हवा तो सांगेल, पट्टा सुटणार हे नेहमी आधी सांगेलच असं नाही.

एलटीबद्दल. दोन चाकं जवळजवळ असतात म्हणून ट्रेलर जागेवर वळवला की टायर आडवे खरडले जातात, रिव्हर्स घेताना बघा, कडा कशी पिळवटते ती. एसटीची बांधणी हा पीळ आणि उभा भार धरून केलेली असते. मोठ्या, १६ इंची चाकाच्या ट्रेलरला बरेच लोक एलटी लावतात आणि ते चालतातही, पण १४ इंचात पुरेशा ताकदीचे एलटी मिळणं कठीण. साधे कारचे टायर तर अजिबात नकोत.

जुना_गडी | १७ जुलै २०२४

मला वाटतं वयाचा बाऊ होतोय. माझे नऊ वर्षांचे टायर अजून चालू आहेत, मिशिगनमध्ये, एकदाही फुटले नाहीत. खरा प्रश्न स्वस्त चिनी टायरचा आहे, त्यांना इथे चायना बॉम्ब म्हणतात ते उगाच नाही. चांगला टायर घ्या आणि निर्धास्त राहा.

डांबरवाट | १७ जुलै २०२४

@जुना_गडी, मिशिगन आणि फीनिक्स यात फरक आहे हो. इथे जुलैत दुपारी डांबरावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आणि तुमचा ट्रेलर तळ्यापर्यंत ४० मैल जात असेल तर नऊ वर्षं निघतीलही.

चायना बॉम्बचं म्हणाल तर माझा फुटलेला पहिला टायर चिनी होता, दुसरा नव्हता. कंपन्या ट्रेलरला कारखान्यात कसाबसा वजनाला पुरेल एवढाच टायर लावतात, शिल्लक काहीच ठेवत नाहीत, वर आपण पाणी आणि पिठाचे डबे भरतो. मग फुटला की शिवी टायरच्या देशाला. मी आता गुडइयरचे एन्ड्युरन्स वापरतो, अमेरिकेत बनतात, २०१७ पासून मिळतायत, चार वर्षं काही त्रास नाही. पण माझं मत विचाराल तर ब्रँडपेक्षा मी लोड रेंज एक पायरी वर गेलो त्याचा जास्त फायदा झाला.

अक्रनकर | १७ जुलै २०२४

जुना_गडी यांचा अनुभव खोटा म्हणणार नाही. पण नऊ वर्षांच्या टायरवर नातवंडांना बसवून उन्हाळ्यात आंतरराज्य महामार्गावर मी जाणार नाही. पाचव्या वर्षी बदला, सावलीत ठेवत असाल तर सहाव्या. आणि पार्क केलेला टायर लवकर म्हातारा होतो हे लक्षात घ्या. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण घातलेलं असतं, चाक फिरलं, दबलं की ते पृष्ठभागावर येतं. आठ महिने एकाच जागी उभा राहिला की ते येत नाही आणि कडेला बारीक भेगा पडतात. पांढरी कव्हरं घाला, खाली फळी ठेवा, हवा पूर्ण ठेवा, आणि चमकायला म्हणून पेट्रोलियमवाली पॉलिश लावू नका, त्याने हेच मेण धुऊन जातं. साबणपाणी बास.

उनाड_पाखरू | २४ जुलै २०२४

मंडळी, अपडेट देतो. तुमच्या सांगण्यावरून ट्रेलर तसाच पुन्हा भरला, पाण्यासकट, आणि ट्रकस्टॉपवरच्या कॅट काट्यावर नेला. ट्रेलरच्या दोन अ‍ॅक्सलवर मिळून ६७२० पाउंड आलं. म्हणजे पूर्ण हवा असती तरी चारही टायर ९५ टक्क्यांवर होते, आणि मी ४० वर चालवत होतो म्हणजे सरळ सरळ ६०० पाउंड जास्त! शिवाय हे चौघांत सारखं वाटलं तर. माझ्या ट्रेलरचा ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी सगळं उजवीकडे आहे. समजा तिकडे ५३ टक्के जरी असेल तरी त्या बाजूच्या प्रत्येक टायरवर १७८० होतात, म्हणजे पूर्ण हवेतसुद्धा मर्यादेच्या वर. फुटला तो उजवीकडचाच.

आता त्याच साइझचे लोड रेंज डी घेतलेत, ६५ पीएसआयला २०४०. चौघांचे ८१६० होतात, म्हणजे तेवढ्याच वजनाला ८२ टक्के. दुकानदाराने एक चांगली गोष्ट केली, आधी रिम उलटी करून मागे ठोकलेला आकडा बघितला, रिम ६५ सोसते का ते, मगच टायर चढवले. जुने रबरी व्हॉल्व काढून धातूचे घातले, म्हणाला सेन्सर लावणार असाल तर त्याच्या वजनाने रबरी व्हॉल्व हलत राहतो आणि मुळाशी चिरतो. टायर बॅलन्स पण करून घेतले, आधीचे कधी झालेच नव्हते.

पाणी आता घरून नेणार नाही, जवळच्या गावात भरणार.

घाटमाथा | २४ जुलै २०२४

हे वाचून बरं वाटलं. जॅकचं काय केलंत? अ‍ॅक्सलच्या पाइपाखाली जॅक लावू नका, तो वाकला की टायर एका कडेने झिजायला लागतात आणि कारणच सापडत नाही. फ्रेमखाली, स्प्रिंगच्या जवळ लावायचा. किंवा सोपं म्हणजे उतरत्या ठोकळ्याचा रॅम्प मिळतो, चांगलं चाक त्याच्यावर चढवलं की पंक्चर झालेलं आपोआप अधांतरी होतं, जॅकच लागत नाही. चढवायच्या आधीच नट थोडे ढिले करून घ्या. एकदा घरासमोर, सावलीत, पूर्ण चाक काढून लावून बघा. लांब दांड्याचा पाना आणि आपल्या नटाचाच सॉकेट ट्रेलरमध्ये कायमचा ठेवा, कारमधला पाना बसेलच असं नाही.

उनाड_पाखरू | २५ जुलै २०२४

@घाटमाथा, रॅम्प मागवला. काल संध्याकाळी ड्राइव्हवेमध्ये बाबांना सोबत घेऊन चाक काढून लावलं, चाळीस मिनिटं लागली. बाबांनी गेज आणि वही आता स्वतःकडे घेतलीये, रोज सकाळी फिरून आले की पाचही टायरचे आकडे तारखेसकट लिहितात. त्यातून एक कळलं, डावीकडचा मागचा चार दिवसांत तीन पीएसआयने उतरलाय, व्हॉल्वला साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे. उद्या दुकानात.

नवखा_२० | २६ जुलै २०२४

या शनिवारी पहिल्यांदा निघणार होतो, व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानाला. काल टॉर्च घेऊन खाली गेलो. नंबर खरंच आतल्या बाजूला होता, ०९१६. नक्षी एकदम नवी, विकणारा पण तेच म्हणाला होता. कॅम्पसाइट कॅन्सल केली, मुलं रुसलीयेत, चार टायर मागवतोय लोड रेंज डी.

मेधा_सॅक्रामेंटो | २६ जुलै २०२४

@नवखा_२०, अगदी योग्य केलंत. ऑर्डर द्यायच्या आधी मागे लटकवलेल्या स्टेपनीचा नंबर बघितलात का? ती पण ट्रेलरबरोबरच आलेली असणार, वर्षानुवर्षं उन्हात. कव्हर काढून बघा आणि चारऐवजी पाच मागवा. दुकानात टायर आले की चढवायच्या आधी त्यांच्यावरचेही चार आकडे वाचा, गोदामात दोन-दोन वर्षं पडलेले देतात कधी कधी.